खडकाखालची माती

सोयाबीन निघायला लागलं की वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेच्या घरात ग्लासातलं पाणी थरथरतं. घरांसाठी प्लॉटचे ले-आउट पाडून उरलेला एक पट्टा आमच्या गल्लीमागे अजून शेत म्हणून टिकून आहे, आणि दसरा झाला की तिथे थ्रेशर लागतो. खिडक्या लावून घेतल्या तरी भुशाची बारीक धूळ ओट्यावर, पुस्तकांवर, चहाच्या गाळणीतसुद्धा येऊन बसते. शेजारच्या काकू वैतागतात. मी मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवते आणि त्यातली वलयं बघत बसते. लोकांना काय काय छंद असतात, मला हा आहे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी बाई घरी पाण्याकडे बघत बसते म्हटल्यावर लोक काय म्हणायचं ते म्हणतातच.

गॅलरीत बाबा बसलेले असतात. तळेगावचं घर सोडून ते माझ्याकडे आले त्याला आता वर्ष होईल. चपला काढून दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकवून बसायची त्यांची सवय आहे. थ्रेशर एकदम थांबतो, पाणी शांत होतं, आणि बाबा गॅलरीतून सांगतात, "बसले जेवाले."

आज वार कोणता हे त्यांना सांगता येत नाही. आपण जेवलो की नाही, हेही मलाच सांगावं लागतं. पण मशीनवरची माणसं शिदोरी सोडायला कधी बसतात ते त्यांचं कधी चुकत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गच्चीवर जाऊन खात्री करून आले. खरंच बसले होते, बांधावर, ओळीनं. बाबांचं म्हणणं तपासून पाहायची खोड मला जुनी आहे. तिच्याबद्दलच लिहायला बसले आहे.

मी नागपूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हंगाम हाच, सोयाबीन निघाल्यानंतरचा आणि हरभरा पेरायच्या आधीचा. रान मोकळं असतं असे वर्षातून जेमतेम दहा-बारा दिवस मिळतात. काळ्या मातीची वरची साय सुकलेली असते, आत ओल असते, चालताना पाय किंचित दबतो. अंगावर घेतलेलं पांघरूण पहाटे हवंसं वाटतं आणि अकराला ऊन डोक्यात जातं. तळेगावच्या आमच्या शेतात मी त्या वर्षी बारा जिओफोन आणि एक घण घेऊन उतरले होते.

जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी, खाली खिळा. खिळा मातीत रोवायचा, की जमिनीची हालचाल ती डबी वायरीतून संगणकाला कळवते. एका टोकाला लोखंडी पाटावर घण मारायचा आणि थाप कुठून कशी पोचते ते बाराही ठिकाणी टिपायचं. हा झाला माझ्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग संगणकात होता, आणि तो समजावताना माझी कायम फजिती व्हायची.

"म्हंजे भूकंप येनार हे तू आधी सांगशीन?" माझा थोरला भाऊ, दादा, वर्ध्याला एका कार्यालयात कारकून, त्यानं विचारलं होतं.

"नाही रे. भूकंप न होताच त्याची नोंद काढायची."

"न होताच?"

"हो. झाला असता तर कशी दिसली असती, ती."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. त्या दिवसांत तो बाबांकडेही असाच पाहायचा.

खरं तर गोष्ट साधी होती. जमीन म्हणजे एकावर एक घातलेले थर, असं धरायचं. प्रत्येक थराची एक ओळ लिहायची. जाडी किती, थाप त्यातून किती वेगानं जाते, तो किती जड आहे आणि थाप त्यात किती मुरते. शेवटच्या ओळीत जाडीच्या जागी शून्य टाकायचं. शून्य म्हणजे इथून खाली सगळं असंच, कुठवर ते विचारू नका. एवढं दिलं की संगणकातलं एक सॉफ्टवेअर गणित करून सांगतं, की इथे घण मारला तर तिथे जमीन अशी अशी हलेल. कधीच न मारलेल्या घणाची नोंद कागदावर नागमोडी उमटते. मग खऱ्या घणाची नोंद तिच्याशेजारी ठेवायची. दोन्ही जुळल्या, तर तुम्ही लिहिलेली जमीन खरी. पाच ओळींत शेत मावतं, याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं. आजही आहे.

ते सॉफ्टवेअर कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. फुकट होतं म्हणून मी घेतलं, आणि आतली ओळ न् ओळ वाचता येत होती म्हणून त्यात अडकले. मूळ भाग माझ्या जन्माआधीचा होता. नंतर येणारा प्रत्येक जण काहीतरी नीट करून, काहीतरी जोडून पुढे गेलेला. मध्येच शेरे होते. एकानं लिहिलं होतं, 'इथे जाडी किलोमीटरमध्ये द्यायची. मी दोन दिवस मीटरमध्ये देत बसलो आणि यंत्राला शिव्या घातल्या. चूक माझीच होती.' मला त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं! स्वतःची फजिती आख्ख्या जगाला वाचायला ठेवून तो मोकळा झाला होता.

आमच्या शेतात मी गेले त्याचं कारण विहीर. शेतातली विहीर बाबांनी तरुणपणी, चार गड्यांबरोबर, स्वतः उतरून खोदलेली. म्हणजे जमिनीचे थर ज्यांनी पायांनी पाहिले ते गृहस्थ घरातच होते. विहिरीत डोकावून काही दिसत नव्हतं. वरच्या भागाला बांधकाम केलेलं, आणि पाणी भर उन्हाळ्यातही अर्ध्याच्या वर. तिचा तळ खोदणाऱ्यांनी पाहिला तेवढाच. त्या गड्यांपैकी आता कोणी उरलेलं नव्हतं, बाबा होते.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून मी वही उघडली. बाबांनी डावा हात पुढे केला, उजव्या हाताच्या बोटानं कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत रेघ ओढल्यासारखं केलं आणि सांगायला लागले.

"पाच हात काळी. मंग सात हात मुरूम. मंग बारा हात दगड. लय कडक. सुरुंग लावलते आम्ही त्याले. त्याच्या खाली तीन हात तांबडी माती. मंग पुन्हा दगड. थो चार हात फोडला अन् पानी लागलं. तिथंच थांबलो."

दादा रविवारला दोन दिवसांची रजा जोडून घण मारायला आला होता. त्यानं मान वर केली. "बाबा, दगडाच्या खाली माती कशी राहीन?"

"होती ना बाप्पा. मऊ. पायाले लोन्यावानी लागे. धोतर पंधरा दिवस धुतलं तरी लाल पानी निंघे. तुही माय वैतागून गेलती."

दादा माझ्याकडे वळला. "तू शिकून राह्यली ना? तूच सांग आता."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा तळेगावला एकटे राहत होते. त्या उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली. दोनदा त्यांनी दादाला आपल्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. दादानं ठरवलं होतं, की दिवाळी झाली की शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि बाबांना वर्ध्याला घेऊन जायचं. बाबांना ते मरणासारखं वाटत होतं, आणि ते तसं स्पष्ट म्हणतही होते. दादा वाईट नव्हता. तो घाबरलेला होता. पण त्या धुऱ्यावर त्याला फक्त साक्षीदार हवा होता, आणि त्यानं मला विचारलं.

मी भौतिकशास्त्राची. दगड म्हणजे पाया, माती म्हणजे वरचं, एवढंच माझं जमिनीबद्दलचं ज्ञान. मी वहीतून वर न पाहता म्हणाले, "बाबा, तुमचं काहीतरी मिसळून गेलं असन."

बाबा हात गुडघ्यावर ठेवून बसले. दादा हळूच म्हणाला, "पाह्यलं?"

तीन दिवस आम्ही नोंदी घेतल्या. हायवेवरून ट्रक जायचे, दोन शेतं पलीकडे थ्रेशर चालू. सगळी जमीन दिवसभर कुरकुरत असायची आणि आमची थाप त्या कुरकुरीत हरवायची. मी रडकुंडीला आले होते. "थांब जराशीक," बाबा म्हणाले, "बारा वाजून गेले का थे जेवाले बसतीन. तवा मार तुहा घन." तसंच झालं. थ्रेशर थांबला, शेतावर एक वेगळीच शांतता आली, हवेतून भुसा सावकाश खाली बसायला लागला, आणि दादानं घण उचलला. त्या पाऊण तासात मिळाल्या तेवढ्याच चांगल्या नोंदी.

पण त्यांतही खोट होतीच. जवळच्या जिओफोनवर पहिला धक्का ठसठशीत यायचा. पुढे पुढे तो विरत जायचा, आणि शेवटच्या चारांवर जवळजवळ नाहीसाच व्हायचा. जिओफोन बाबांनी रोवले होते. "हे शेवटचे चार तुम्ही नीट नाई रोवले, बाबा," मी म्हटलं. त्यांनी चारही उपटले, पुन्हा रोवले, टाचेनं माती दाबली. पुन्हा तेच. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा रोवले. तिसऱ्यांदा मात्र कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मी तं नीटच रोवले, बाई." एवढंच म्हणाले. मी वहीत नोंद केली, शेवटचे चार जिओफोन अविश्वसनीय.

तीन दिवसांत मी एका माणसाची आठवणही खोटी ठरवली आणि त्याचा हातही. वर पुन्हा त्यांच्याच हातची भाकर खाऊन, झुणका वाढून घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसले. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही, हे आज जास्त टोचतं.

नागपूरला आल्यावर मी बाबांचे थर फाइलमध्ये लिहिले. दीड फुटाचा हात धरून मीटर केले, मीटरचे किलोमीटर केले, त्या फसलेल्या माणसाची आठवण काढून. पाच ओळी झाल्या. मग चौथ्या ओळीवर गेले, तांबड्या मातीच्या, आणि ती खोडली. एक कळ दाबायचं काम. चार ओळींचं शेत उरलं. काळी, मुरूम, दगड, आणि दगडाखाली तोच दगड, जाडी शून्य.

गणितानं काढलेली नोंद सुरेख आली. पहिला धक्का पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ठणठणीत. आमच्या खऱ्या नोंदीत मात्र तो आठव्याच्या पुढे दम तोडत होता. मी काळ्या मातीत थाप जास्त मुरू दिली. मुरमाचा वेग वरखाली केला. दगड ठिसूळ केला, पुन्हा कडक केला. दहा दिवस हेच. जुळेना. शेवटचे चार जिओफोन सोडून द्यावेत, त्यांचा उल्लेखच करू नये, इथपर्यंत माझं मन आलं होतं.

एका दुपारी, सगळं करून झालं होतं म्हणून, मी बाबांची ओळ परत घातली. बाबांवर विश्वास बसला होता, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. नुसतं कुतूहल होतं, की बघू तरी काय होतं.

पहिला धक्का आला. सातव्यापर्यंत ठीक. आठव्याला ढिला पडला. नवव्यापासून विरत गेला आणि बाराव्याला नावापुरता उरला. मी खरी नोंद शेजारी आणली. मग खुर्ची सरकवून उठले, मेसमध्ये गेले, एक चहा घेतला, परत आले, पाहिलं, पुन्हा गेले आणि दुसरा घेतला. अगं बाई गं, एवढंच सारखं तोंडातून येत होतं. वरचा दगड जाड नव्हता, आणि त्याच्याखाली मऊ माती होती. दगडातून धावणारी थाप वाटेत त्या मातीत गळून जात होती. घणाच्या पहिल्या थापेपासून जमीन हेच सांगत होती. जिओफोन नीटच रोवलेले होते.

हे दाखवल्यावर माझं काम पाहणारे आमचे सर पोट धरून हसले. "अहो, लाव्हाचा एक लोंढा येऊन गार झाला. त्याच्यावर ऊन, पाऊस पडला, माती झाली. मग दुसरा लोंढा आला आणि ती भाजून निघाली, झाकली गेली. भूशास्त्रवाल्या कोणालाही चहा पाजला असता तर त्यानं सांगितलं असतं!"

तो चहा मी एकटीच प्यायले होते, काय करता. पण सरांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्या तीन हातांवर कधीतरी ऊन पडत होतं. पाऊस पडत होता, ओल सुकत होती, भेगा पडत असतील. ती एके काळची वरची जमीन. आणि इतक्या काळानंतर तिला माणसाचा पाय लागला तो बाबांचा. त्यांना ती मऊ लागली, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं.

मी दादाला फोन लावला. "दादा, दगडाखाली माती आहे."

तो म्हणाला, "अन् किल्ली पिठाच्या डब्यात होती, थे?"

"ते पण आहे," मी म्हणाले. "पण हे खरं आहे. त्यांना आत्ता नको नेऊ."

दादानं ऐकलं. दिवाळीनंतरचा विषय त्या वर्षी निघाला नाही, पुढच्या वर्षीही नाही. हरभरा बाबांनीच पेरला. त्यानंतर किती तरी हंगाम ते तळेगावला राहिले. विहिरीच्या काठावर बसून हायवेवरचे ट्रक मोजत राहिले, आणि विसरत गेले ते हळूहळू, आपल्या घरात, आपल्या शेतात.

त्या दिवाळीला मी घरी गेले. बाबा अंगणात सोयाबीनच्या पोत्यांना सुतळी मारत होते. येताना बसमध्ये मी मनात वाक्य घोळवत आले होते. समोर गेले आणि म्हणाले, "बाबा, जुळलं."

"काय जुळलं?"

"नोंदी. तांबडी माती घातली अन् जुळलं."

"होय का? बरं झालं." त्यांनी सुतळीला गाठ मारली. "पास होशीन ना आता?"

"होईन."

"मंग झालं."

पुढचे दोन शब्द ओठांवर होते आणि तिथेच राहिले. मी आत गेले, चिवडा घेतला. बापाला कोण असं म्हणतं, आमच्याकडे तरी कोणी म्हणत नाही, अशी मी माझी समजूत घातली. मग नागपूरला परतून मी ती पाच ओळींची फाइल त्या उघड्या सॉफ्टवेअरच्या लोकांना नमुना म्हणून पाठवली. चौथ्या ओळीसमोर इंग्रजीत शेरा लिहिला, 'हा थर माझ्या वडिलांनी सांगितला, त्यांनी इथे विहीर खोदली होती. मी ही ओळ खोडली होती. चूक माझी होती.' दूरदेशीच्या कोणीतरी आभार मानले आणि विचारलं, हात म्हणजे नेमका केवढा? मी उलट लिहिलं, कोपरापासून बोटापर्यंत, माझ्या वडिलांचा. ते शब्द आजही तिथे आहेत. कोणीही उघडून वाचावेत. फक्त बाबांना इंग्रजी येत नाही.

काल दुपारी मागचा थ्रेशर थांबला.

"बसले जेवाले," बाबा म्हणाले. मी त्यांच्यासाठी पेरूच्या फोडी घेऊन गॅलरीत गेले, स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांनी फोड घेतली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही कोनाच्या वो?"

हल्ली विचारतात. सवय झाली आहे असं मी लोकांना सांगते. झालेली नाही.

"मी तळेगावची," मी म्हणाले.

"तळेगावच्या?" चेहरा खुलला. "मंग आमची विहीर पाह्यली असन तुम्ही."

"पाह्यली ना."

"पाच हात काळी." डावा हात पुढे आला, बोट कोपरापासून निघालं. "सात हात मुरूम. बारा हात दगड. मंग तीन हात तांबडी माती." तिथे थांबून ते माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. मी आता नाही म्हणेन, याची वाट पाहत होते. मी मान डोलावली तशी त्यांनीच सुरू केलं. "लोकाइले खरं नाई वाटत. माह्या पोराले नाई वाटलं. माही पोरगी लय शिकली, थे बी म्हने, बाबा, तुमचं मिसळून गेलं असन."

फोडींची ताटली मी खाली ठेवली. घर विसरले, वार विसरले, मला विसरले, आणि हे विसरले नाहीत.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तिनं मशीन लावून पाह्यलं. दिवाळीले आली, मी पोते शिवत होतो. माह्याजवळ बसली अन् म्हने, बाबा, माहं चुकलं." त्यांनी दुसरी फोड उचलली. "लय गुनाची पोरगी."

मी जवळ बसले नव्हते. मी उभ्या उभ्या 'जुळलं' म्हणाले होते आणि चिवडा खायला आत गेले होते. मला लख्ख आठवतं. त्यांची एक ओळ मी आयुष्यात खोडली होती. ही खोडायचा मला काही अधिकार नव्हता.

"बाबा," मी म्हणाले, "माहं चुकलं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो अजून खरबरीतच आहे. मागे थ्रेशर पुन्हा धडधडायला लागला होता, त्यामुळे त्यांना जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"तुमचं काऊन चुकन, बाई? तुम्ही कुठं होत्या तवा? थे माही पोरगी होती. अन् तिनं तवाच सांगतलं मले."